चवथीला गेले, शिगम्याला आले

चवथीच्या आदल्या दिवशी माशेलच्या मूळ घरात पाऊल टाकलं, तेव्हा चुलतभाऊ स्टुलावर चढून माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायच्या चौकटीला, सुपाऱ्यांचा घोस बांधत होता. मला आरशात आजवर कधी न दिसलेली बाजू त्याला वरून दिसली.

"अरे, केंस खंय गेले तुजे?" तो तिथूनच ओरडला.

सगळ्या घराचं लक्ष माटोळीवरून माझ्या टाळूवर आलं. आमचा गणपती पाच दिवसांचा. पाचही दिवस ते तिथेच राहिलं.

मला ठाऊक नव्हतं असं नाही. गेले तीन आठवडे न्हाणीघरातल्या जाळीवर रोज एक छोटं घरटं तयार होत होतं. एका रविवारी ते वर्तमानपत्रावर पसरून मी मोजायला बसलो. तांबड्या भाजीच्या बांधतात तशा दहा-दहाच्या जुड्या केल्या. 137 पर्यंत पोचलो तेव्हा बायको म्हणाली, "आता शिंकू नका." प्रत्येक केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका होता, म्हणजे मुळासकटच आलेला. रोप मुळासकट हातात आलं की काय समजायचं, हे सुपारी-नारळाच्या कुळागरवाल्यांच्या घरात जन्मलेल्याला सांगावं लागत नाही.

पंचमीच्या जेवणात काकांच्या खतखत्यात केस निघाला. पंगतीतली झाडून सगळी माणसं माझ्याकडे वळली. मी तो केस निथळून केळीच्या पानाच्या कडेला ताणून धरला. दीड फूट भरला, म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, तेव्हा हा ऐवज तीन वर्षांचा होता. मी तर दर महिन्याला सलूनमध्ये जातो! पण माझं हे गणित पुरं होईपर्यंत पंगत सोलकढीवर पोचली होती. आणि जिचा अंबाडा सकाळपासून सैल दिसत होता त्या काकूनंच मला बजावलं, "टोपी घालून वावर रे बाबा."

मग वंशावळ निघाली. टक्कल आईकडून येतं, हे वडिलांकडच्यांचं एकमुखी मत. देवदर्शनाला आलेल्या मामांनी पाटोळीचा घास खाली ठेवला आणि भिंतीवरच्या पणजोबांच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. पणजोबांनी पागोटं घातलेलं आहे. त्याखाली काय होतं ते त्यांनाच ठाऊक. खरं तर या कामी दोन्ही घराण्यांचा हात असतो, पण तसं म्हणणारा दोन्हीकडून मार खातो. मामांनी शेवटी तडजोड म्हणून दोष हवेवर ढकलला. दमट हवेनं केस गळत नाहीत, किंचित लांबतात. जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञानं याच गुणावर माणसाच्या केसाचं आर्द्रतामापक यंत्र बनवलं आणि 1783 साली ते जगापुढे मांडलं. ऑगस्टात गोव्यात आणलं असतं तर काटा एका टोकाला जाऊन जो बसला असता तो दसऱ्यालाच हलला असता.

आत्येनं खोबरेलात जास्वंद, माका आणि ब्राह्मी उकळून तेल केलं आणि माझं डोकं गुडघ्यांत धरून, कैरी मुरवावी तसं त्यात मुरवलं. खोबरेलाला नावं ठेवायची गोव्यात सोय नाही, आणि कारणही नाही. ते केसाच्या आत शिरतं, धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. असलेल्याला सांभाळतं. गेलेल्याला बोलावून आणत नाही, एवढंच. हे मी आत्येला समजावून सांगितलं. तिनं एक टपली मारून आणखी पळीभर ओतलं.

म्हापशाला परतल्यावर शेजारच्या दादांनी कांद्याचा रस सांगितला. तो लावून, दोनदा धुऊन पणजीच्या बसमध्ये बसलो, तर बाजूचा माणूस जागा सोडून उभा राहिला. ऑफिसात एकानं अकरालाच विचारलं, "आज डब्यात शागोती काय?" दुपारी डब्यातून मटणाच्या रश्श्याऐवजी दुधी निघाल्यावर तो खरोखर दुखावला.

सलूनवाल्यानं सरळ गोटा करायला सांगितलं. "एकदा साफ करा, दाट येतात." केस जिथे घडतो ती पिशवी कातडीच्या आत असते, वर वस्तरा फिरला की कात्री याची तिला खबर नसते. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं. मी गोटा टाळला.

शेवटी पणजीतल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी पन्नासएक केस चिमटीत धरले, मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढले, हाती आलेले मोजले आणि विचारलं, "जूनमध्ये ताप आला होता का?"

आला होता. पहिल्या पावसात, चांगला आठ दिवस. पण तो तर जूनमध्येच गेला होता!

बाईंनी कागदावर चित्र काढलं. डोक्यावर लाखभर केस. प्रत्येक जण काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत काम आवरतो, आणि तीनेक महिने नुसता बसून राहून गळतो. एरवी दहातला एखादाच असा सुट्टीवर असतो, म्हणून दिवसाला 50 ते 100 गळले तरी कुणाला पत्ता लागत नाही. मोठ्या तापात मात्र पुष्कळसे एकदम रजा टाकतात, आणि एकदमच गळतात. पाण्याच्या बिलासारखं आहे हे, वापर जूनचा, आकडा सप्टेंबरात. तो पांढरा ठिपकाही मूळ नव्हताच. ती केसाची वाळलेली गाठ. मूळ आत शाबूत असतं आणि पुढच्या केसाच्या तयारीला लागलेलं असतं.

"सहा महिन्यांत थांबेल बहुतेक. काही लावू नका."

पैसे मोजून 'काही लावू नका' ऐकण्याची आमच्या घराण्याला सवय नाही. मी उठतच होतो, तेवढ्यात बाईंनी बॅटरीचा झोत माझ्या कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवर टाकला. "हे मात्र तापाचं नाही हं. हे तुमचं घरचंच."

शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, गावी गेलो तेव्हा डोकं कापणीनंतर पुन्हा फुटवे आलेल्या शेतासारखं दिसत होतं. बोटभर लांबीचे, सरळ उभे. बाहेर ढोल-ताशे वाजत होते आणि ओसरीवर आत्येनं माझी मान खाली दाबून आल्यागेल्याला दाखवायला सुरुवात केली, "आमचं तेल!" दादांनी फोनवर कांद्याची आठवण करून दिली. न केलेल्या गोट्याचं श्रेय सलूनवाल्यानं आधीच घेतलं होतं. चुलतभावाचं म्हणणं, पहिल्यांदा बघितलं कुणी?

"आणि हे कोपरे?" मी वाकल्या मानेनंच विचारलं.

आत्येनं हात काढून घेतला. "ते तुझ्या आईकडचं."