फ्रँकफर्टचे टॉवर आणि मावशीचे पाचशे फूट

आपल्याकडच्या बहुतेकांनी फ्रँकफर्ट पाहिलेलं असतं ते विमानतळाच्या काचेतून. अमेरिकेच्या वाटेवर तीन तास बसायचं, महागडी कॉफी प्यायची आणि पुढचं विमान धरायचं. त्या काचेपलीकडच्या गावात मी अकरा वर्षं राहतोय. एका बँकेच्या संगणक विभागात नोकरी आणि पगाराचा मोठा घास घरभाड्याला. इथल्या बहुतेकांसारखंच.

मागच्या महिन्यात वरळीच्या बीडीडी चाळीत राहणाऱ्या मावशीला नव्या टॉवरमधल्या घराची चावी मिळाली. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांत. आमच्या घरच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले आणि पाठोपाठ भांडणही. मावसभावाने फ्रँकफर्टच्या टॉवरांचा फोटो टाकला: 'अख्खी मुंबई अशी झाली पाहिजे.' पुण्याच्या काकांनी लगेच उत्तर दिलं: 'टॉवरनीच मुंबई संपवली. जर्मन लोक जुनं कसं जपतात, ते बघा.' दोघांनी साक्षीला एकच गाव काढलं आणि मला विचारलं, खरं काय ते सांग.

काका, आधी तुमचं घेतो. इथे जुनं फारसं जपलेलं नाही, कारण जपायला शिल्लकच नव्हतं. मार्च १९४४च्या बॉम्बहल्ल्यांत मध्ययुगीन लाकडी सांगाड्यांच्या घरांचं अख्खं गाव जळालं. रोमरबेर्ग चौकातली घरांची जी रांग पर्यटक फोटोत घेतात, ती १९८०च्या दशकातली. तिच्या मागे, कॅथेड्रलकडे जाताना, १९७४ साली उभारलेली महापालिकेची काँक्रीटची इमारत होती. ती पाडून २०१८ साली तिथे 'नवं जुनं गाव' खुलं झालं: ३५ घरं, त्यातली १५ जुन्यांच्या हुबेहूब प्रती. माझे जर्मन सहकारी त्याला डिस्नेलँड म्हणून हसतात. मीही हसतो, आणि रविवारी पाहुण्यांना घेऊन तिथेच जातो. जर्मन कवी गटेचं घरसुद्धा १९५१पर्यंत पुन्हा बांधलेलं. आतलं सामान अस्सल, ते आधीच हलवून ठेवलं होतं म्हणून वाचलं. जिना करकरतो, पण ती करकर युद्धानंतरची.

आता मावसभाऊ. गावाची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास, म्हणजे ठाण्याच्या निम्मीही नाही. एवढ्याशा गावात युरोपची मध्यवर्ती बँक, जर्मनीची रिझर्व्ह बँक म्हणावी अशी बुंडेसबँक, शेअर बाजार आणि वर दरवर्षीचा पुस्तकमेळा, ज्यात १९८६ आणि २००६ साली भारत पाहुणा देश होता. तरी हे देशाची राजधानी नाही. १९४९मध्ये पश्चिम जर्मनीची राजधानी निवडताना बॉनने बाजी मारली आणि संसदेसाठी घाईने उभारलेलं गोल सभागृह शेवटी इथल्या रेडिओवाल्यांच्या हाती गेलं. हे हेसेन या आपल्या राज्याचीही राजधानी नाही, ती वीसबाडेन. मुंबईतून अमुक कार्यालय गुजरातला गेलं की आपल्याकडे होणाऱ्या आरडाओरड्यात मीही असतो, पण तेव्हा हे गोल सभागृह आठवतं.

टॉवर दिसतात ते असे एका पुंजक्यात का, हे फोटोत कळत नाही. वेस्टएंड हा शेजारचा भाग एकेकाळी श्रीमंतांच्या बंगल्यांचा. १९६०च्या दशकात बँकांना कार्यालयांसाठी जागा हवी होती, म्हणून जमिनीचे दलाल बंगले उचलू लागले. तंत्र असं: जुने भाडेकरू बाहेर काढायचे, परदेशी मजूर दाटीवाटीने भरायचे, दुरुस्ती बंद करायची, आणि घर पुरेसं कुजलं की पाडायची परवानगी मागायची. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून पाहिलं, चुकून लालबाग-परळचं काही वाचतोय की काय. फरक पुढे पडला. १९६९ला रहिवाशांनी संघटना काढली, १९७०ला विद्यार्थ्यांनी रिकामी घरं ताब्यात घेतली, पुढची काही वर्षं रस्त्यावर पोलिसांशी मारामाऱ्या झाल्या. दगडफेकीत असलेला योश्का फिशर नावाचा तरुण पुढे देशाचा परराष्ट्रमंत्री झाला. १९७४मध्ये हेसेन राज्याने वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला. १९९८ला महापालिकेने टॉवर कुठे चालतील याचा आराखडाच काढला. म्हणजे मावसभावाला आवडलेल्या त्या आकाशरेषेमागे नुसता पैसा नाही, 'इथे नको' म्हणणाऱ्यांची भांडणंही आहेत.

आपल्याकडेही नियम होता की! १९८२चा संप मोडला, गिरण्या बंद पडल्या, आणि १९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: मोकळ्या जागेला एक, म्हाडाच्या घरांना एक, मालकाला एक. २००१च्या दुरुस्तीने वाटे फक्त रिकाम्या जमिनीपुरते उरले. शेड उभी असलेली जमीन त्यातून सुटली आणि शहराचा वाटा आक्रसला. २००६ला सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. परळच्या टॉवरांवर माझा राग उंचीसाठी नाही, या दुरुस्तीसाठी आहे.

पण काका, एवढ्यावरून फ्रँकफर्टला ओवाळायलाही नको. युरोपच्या मध्यवर्ती बँकेचा टॉवर पूर्वेकडे ओस्टएंडला, १९२८च्या घाऊक भाजीबाजाराच्या जागी उभा आहे. बाजाराची लांबलचक इमारत टॉवरच्या पायथ्याशी तशीच ठेवली, ते छानच. याच बाजाराच्या तळघरात १९४१पासून ज्यूंना गोळा करून शेजारच्या रुळांवरून गाड्यांनी पाठवलं, दहा हजारांवर माणसं. ते पाहणाऱ्यांची आणि भोगणाऱ्यांची वाक्यं आता तिथल्या काँक्रीटमध्ये कोरलेली आहेत. दुपारच्या सुट्टीत फिरताना ती वाचून पोटात खड्डा पडतो. आणि बँक आल्यावर भाडी वाढून माझा तुर्की शेजारी ओस्टएंडमधून गावाबाहेर गेला. त्याला कुठलाही आराखडा वाचवायला आला नाही.

भाजीबाजारावरून आठवलं. गावाच्या हद्दीतच ओबेरराड नावाचा भाग आहे, तिथे अजून भाजीचे मळे आहेत. सात पाल्यांच्या हिरव्या चटणीवर हे गाव जीव टाकतं. पांढऱ्या कागदात गुंडाळलेली जुडी सोडवली की त्यात चुक्याच्या जातीचा आंबट पाला आणि अहळिवाची कोवळी पानं निघतात. उकडलेली अंडी, बटाटे आणि वर ही चटणी. मळ्यात उभं राहिलं की वाफ्यांच्या पलीकडे टॉवर दिसतात.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं आणि शेवटी भावनेच्या भरात, 'एखादी तरी चाळ राहायला हवी होती,' असं टाकलं. दहा मिनिटांत मावशीचा व्हिडिओ कॉल.

"तू ये इथे. पावसाळ्यात महिनाभर संडासच्या रांगेत उभा राहा, मग हवी तेवढी चाळ जप."

मी गप्प. मग तिने फोन फिरवून नवं घर दाखवलं. ओट्याला काळा दगड, खिडकीतून समोरचा दुसरा टॉवर, कोपऱ्यात चाळीतून आणलेला पत्र्याचा पिंप. पाणी चोवीस तास आहे, तरी तो भरलेला.

"बरं, तुझ्याकडे घरभाड्यावर देखभालीचे किती घेतात रे महिन्याला?"

मी आकडा सांगितला. लिफ्ट, जिन्याची सफाई, कचरा, हीटिंग, सगळं धरून.

पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही.

"युरो ना हे? रुपयात सांग," ती म्हणाली, आणि घरात हाक मारून पेन मागितलं.