रोज हरे त्याला कोण रडे

आयपीएलमध्ये एक टीम साखळीत चौदा मॅचेस खेळते आणि तेवढ्यात आपल्याकडे रिमोटवरून घरं फुटायची वेळ येते. अमेरिकेत बेसबॉलची एक टीम एका सीझनला १६२ मॅचेस खेळते. मार्चअखेरीला सुरू होतं ते सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज, मधे एखादा दिवस सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी कालच्या मॅचची चर्चा. हे सगळं मला कसं माहीत, तर माझा नवरा शिकागोला आल्यावर कब्स या तिथल्या टीमचा फॅन झाला आणि मी त्याच्याशी लग्न केलं, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

आता १६२ खेळायच्या म्हटल्यावर हरणं पण आलंच. २०१६ साली कब्सनी वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची फायनल) जिंकली, म्हणजे त्यांचं गेल्या शंभर वर्षांतलं सगळ्यात भारी वर्ष, त्या वर्षी सुद्धा नुसत्या साखळीत ५८ वेळा हरले होते. म्हणजे चांगल्या वर्षी घरात ५८ संध्याकाळी सुतक. वाईट वर्षाचं विचारूच नका. २०१२ ला १०१ हरले. आमचं लग्न नेमकं त्या वर्षीचं. मला वाटलं माणूस मुळातच खिन्न आहे, स्थळ बघताना कोणी बोललं कसं नाही, आणि मी बिचारी त्याला रोज काहीतरी गोडाधोडाचं करून खायला घालतेय, आणि तो शिरा खाताखाता राखीव बोलरांबद्दल म्हणायचा, बुलपेन चांगलं नाहीये गं आपलं.

आपलं!!

तर मुद्दा असा की या फॅन लोकांना आपल्या टीमचं नक्की आवडतं काय हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतोय. जिंकणं आवडत असेल असं म्हणावं तर हे लोक १९०८ नंतर एकदम २०१६ ला जिंकले. मधे १०८ वर्षं. टिळकांना मंडालेला पाठवलं त्या वर्षी एकदा जिंकले आणि मग स्मार्टफोन येऊन जुने झाले तेव्हा परत. या काळात माणसं जन्माला आली, फॅन झाली, म्हातारी झाली, गेली, आणि जाताना पोराला म्हणाली असतील की पुढच्या वर्षी बघ. एखाद्या टीमने माझ्याशी असं केलं असतं तर मी तिसऱ्या वर्षी भरतकाम शिकले असते.

ऑफिसात विचारून बघितलं. एक जण म्हणाला, रिगली फील्डची वेल. तर कब्सचं हे ग्राउंड आहे १९१४ सालचं, आणि त्याच्या आउटफिल्डच्या विटांच्या भिंतीवर १९३७ साली आयव्हीची वेल लावलीय, ती अजून आहे. एप्रिलमध्ये गेलात तर नुसत्या काटक्या दिसतात, मे-जूनमध्ये हिरवीगार होते. बॉल त्या वेलीत जाऊन अडकला तर फिल्डर दोन्ही हात वर करून उभा राहतो, की बाबा हरवला, आणि मग बॅटरला दोन बेस मिळतात. पण तो जर हात घालून शोधायला लागला तर खेळ चालूच, मग पळा. आपल्याकडे गल्लीत बॉल जोशीकाकूंच्या कर्दळीत गेला की दोन डिक्लेअर असायचे, तसंच हे, फक्त इथे खेळणाऱ्यांना कोट्यवधी डॉलर पगार आहे. दुसरी म्हणाली, स्कोअरबोर्ड. तो पण १९३७ चा आणि आजही आत माणसं बसून हाताने आकडे बदलतात. तिसरा म्हणाला, दुपारच्या मॅचेस. सगळ्या मेजर लीगमध्ये लाइट लागले तरी यांच्याकडे १९८८ पर्यंत लाइट नव्हते, आणि मग ८ ऑगस्ट १९८८ ला पहिल्यांदा रात्रीची मॅच ठेवली तर नऊपैकी साडेतीन इनिंगनंतर असा पाऊस आला की मॅच रद्द. दुसऱ्या दिवशी परत लाइट लावून खेळले. हे सांगताना त्याचा चेहरा असा की बघा, देवाला पण नको होतं.

खांबाच्या मागच्या सीटवर बसून अर्धं ग्राउंड दिसत नाही, ते पण आवडतं म्हणे. मिशिगन तळ्यावरचा वारा एप्रिलमध्ये हाडात शिरतो, ते पण. गैरसोय जितकी जास्त तितकं प्रेम जास्त असं काहीतरी गणित असावं, आणि पुण्यात काही वर्षं काढल्यामुळे मला ते अगदीच अनोळखी वाटलं नाही.

आणि एक कलीग आहे तो व्हाइट सॉक्सचा, ती शिकागोचीच दुसरी टीम, साउथ साइडची. तो या चर्चेत नुसता चहाचा कप घेऊन उभा होता. मग म्हणाला, आम्ही २००५ ला जिंकलो, ८८ वर्षांनी, कोणाला आठवतं का? कोणालाच आठवत नव्हतं. २०२४ ला त्याची टीम १२१ मॅचेस हरली, आधुनिक काळातला रेकॉर्ड, तेव्हा मात्र सगळ्यांना बरोबर आठवत होतं. त्याला काय आवडतं ते विचारायचं माझं धाडस झालं नाही.

खरं सांगू का, या लोकांना सगळ्यात जास्त आवडतं ते का हरलो हे सांगायला. काय एकेक कहाण्या आहेत! १९४५ च्या वर्ल्ड सिरीजला बिली सियानिस नावाचा एक हॉटेलवाला आपला बोकड घेऊन आला, वासामुळे त्यांना बाहेर काढलं आणि त्याने शाप दिला की कब्स परत जिंकणार नाहीत. हे ऐकल्यावर माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, पहिला प्रश्न, "बोकडाचं तिकीट काढलं होतं का?" काढलं होतं म्हणतात. "मग लागणारच शाप. त्र्यंबकेश्वरला येऊन एकदा विधी करून गेले असते तर पुढच्या वर्षी मोकळे झाले असते." यांनी पण शांत करायचे प्रयत्न केले बरं का. १९८४ ला सियानिसच्या पुतण्याला बोकडासकट मानाने ग्राउंडवर बोलावलं. त्या वर्षी डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकले, पुढे सॅन डिएगोशी पाचच्या सिरीजमध्ये दोन-शून्य पुढे होते, आणि पुढच्या तिन्ही हरले. बोकडाने अर्धवट माफ केलं असावं.

त्याआधी १९६९. ऑगस्टमध्ये आरामात पहिल्या नंबरवर होते, सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला मेट्सशी मॅच चालू असताना यांच्या डगआउटसमोरून, म्हणजे खेळाडू बसतात तिथून, काळी मांजर गेली. झालं. मांजर आडवी गेल्यावर जरा पाच मिनिटं थांबावं, पाणी प्यावं, एवढं साधं कोणाला सुचलं नाही, आणि मेट्स त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकून बसले.

आणि २००३ चं तर काय सांगावं. वर्ल्ड सिरीजमध्ये जायला पाच आउट कमी होते, एक फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला, बॉल स्टँडकडे आला, कुठल्याही माणसाने केला असता तसा एका प्रेक्षकाने हात पुढे केला, फिल्डरला कॅच मिळाला नाही, आणि त्याच इनिंगमध्ये समोरच्यांनी आठ रन केले. त्या बिचाऱ्याला सिक्युरिटी लावून बाहेर काढावं लागलं. तो बॉल नंतर एका हॉटेलने लाखाच्या वर डॉलर देऊन विकत घेतला आणि २००४ ला सगळ्यांसमोर स्फोट करून उडवला. एवढ्यावर थांबले नाहीत, उरलेले तुकडे पुढच्या वर्षी उकळून त्याची वाफ पास्ताच्या सॉसमध्ये घातली आणि लोकांनी तो सॉस खाल्ला. बाबा म्हणाले, "त्या पैशात तेव्हा सांगलीत बंगला झाला असता." थोड्या वेळाने म्हणाले, "चव कशी होती पण?"

२०१६ ला शेवटी एकदाचं ते झालं. क्लीव्हलंडशी सातवी, म्हणजे निकालाची मॅच, आठव्या इनिंगमध्ये तीन रनची लीड घालवून बरोबरी, मग नवव्यानंतर पाऊस, सतरा मिनिटं खेळ बंद, आणि दहाव्या इनिंगमध्ये ८-७. ती सतरा मिनिटं मी आमच्या किचनमध्ये एका पायावर उभी होते, कारण नवरा म्हणाला तू तिथे होतीस तेव्हा ते पुढे होते, हलू नकोस. जिंकल्यावर लोकांनी रिगलीच्या बाहेरच्या भिंतींवर खडूने आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहिली. आजोबा, आई, काका, कोण कोण. हाताला येईल तिथवर भिंत भरली होती. तिथे मी काही विनोद करू शकत नाही, मी पण रडले होते, आणि माझं तर कोणीच नव्हतं त्यात.

पण खरी गंमत पुढे. पुढच्या सीझनला आमच्या बिल्डिंगमधल्या आजी, ज्यांनी ७० वर्षं वाट बघितली, त्या लिफ्टमध्ये म्हणतात, जिंकल्यापासून पूर्वीची मजा नाही राहिली. घ्या.

माझं विचाराल तर मला या टीमचं एकच आवडतं, झेंडा. मॅच संपली की रिगलीच्या स्कोअरबोर्डवर झेंडा लावतात, जिंकले तर पांढऱ्यावर निळा डब्ल्यू, हरले तर निळ्यावर पांढरा एल. जुनी पद्धत आहे, ट्रेनने घरी जाणाऱ्यांना निकाल कळावा म्हणून. मी डाउनटाउनहून रेड लाईनने एजवॉटरला येते, वाटेत अॅडिसन स्टेशन लागतं आणि तिथून ग्राउंड दिसतं. मॅचच्या दिवशी डब्यात निळे टीशर्ट, बिअरचा वास, कोणीतरी आपल्या पायावर उभं, लोकलच्या सवयीमुळे तेवढं चालतं मला, मी फक्त खिडकीची फट शोधत असते. डब्ल्यू दिसला तर घरी जाऊन निवांत खिचडी. एल दिसला तर एका स्टेशननंतर उतरून काहीतरी चमचमीत पार्सल घ्यायचं आणि घरात शिरताना मॅचबद्दल चकार शब्द काढायचा नाही. एवढी सोय नवऱ्याच्या मूडची दुसऱ्या कुठल्या बाईला आहे सांगा.

मग बाबा आले. सहा महिने, व्हिजिटर व्हिसावर. हे गृहस्थ सांगलीत क्लबच्या मॅचेसचं स्कोअरिंग करायचे. इथे लोक अजून पेन्सिलने बेसबॉलचं स्कोअरकार्ड भरतात हे कळल्यावर त्यांचा चेहराच बदलला. आठवड्याभरात त्यांनी ६-४-३ म्हणजे बॉल कुठल्या नंबरच्या फिल्डरकडून कुठे गेला, के म्हणजे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बॅटर आउट), आणि बॅट न हलवता नुसता बघत राहून आउट झाला तर उलटा के, हे सगळं पाठ केलं. उलट्या केवर तर फिदाच. "आमच्या ऑफिसात अर्ध्या स्टाफला द्यायला लागला असता."

त्यांना रिगलीला नेलं, ब्लीचर्समध्ये, म्हणजे आउटफिल्डच्या मागे उन्हातले बाक. भाजलेल्या शेंगांची किंमत ऐकून पहिल्या इनिंगभर गप्प होते, पण टरफलं पायाशीच टाकायची असतात हे कळल्यावर अमेरिकेबद्दल त्यांचं मत एकदम सुधारलं. तर मधेच समोरच्या टीमने होमरन मारला आणि तो बॉल दोन बाक उडत येऊन थेट बाबांच्या पायाशी, टरफलांत. बाबांनी उचलला. रुमालाने पुसला. आणि आजूबाजूचे शे-दीडशे लोक उभे राहून ओरडायला लागले, परत फेक, परत फेक! रिगलीची पद्धतच आहे, शत्रूचा होमरन ठेवायचा नाही, ग्राउंडवर परत भिरकावायचा.

"का म्हणून?" बाबा मराठीत.

नवरा म्हणाला, "बाबा, फेका हो, पद्धत आहे."

"तिकिटाचे पैसे तू भरलेस. शेंगांचे भरलेस. ही एकच वस्तू फुकट मिळालीय."

लोक ओरडतायत, नवरा घामाघूम, मी दुसरीकडे बघून या लोकांना मी ओळखत नाही असा चेहरा करतेय, आणि एवढ्यात मागच्या बाकावरच्या सत्तरीच्या बाईंनी पर्समधून एक जुना मळका बॉल काढून बाबांच्या हातात दिला आणि डोळा मारला. मुरलेले लोक म्हणे घरून असा एक बॉल घेऊनच येतात, खरा खिशात ठेवायचा आणि हा फेकायचा. बाबांना भाषा कळली नाही पण व्यवहार लगेच कळला. उभे राहिले, बाही सारली, आणि असा काही डीप थर्डमॅनवरून टाकल्यासारखा थ्रो टाकला की सगळा स्टँड नाचायला लागला. पुढची अर्धी मॅच लोक येऊन त्यांना टाळी देत होते. त्या बाईंना त्यांनी आमच्या डब्यातल्या दोन शेंगदाण्याच्या पोळ्या दिल्या.

घरी आल्यावर चष्मा लावून त्यांनी त्या बॉलचे टाके मोजले. १०८. आहेतच १०८, अधिकृत बॉलला तेवढेच दुहेरी टाके असतात. "जपमाळेचे मणी १०८, टाके १०८, आणि वर्षं पण १०८," म्हणाले, "शाप कसला, यांचं अनुष्ठान चालू होतं." नवऱ्याला हे इतकं पटलं की त्याने गणपतीत मंडळात भेटेल त्याला सांगितलं.

आता बाबा सांगलीला परत गेलेत. रिगलीची दुपारची १:२० ची मॅच तिथे रात्री बाराला दहा कमी असताना सुरू होते आणि संध्याकाळची पहाटे साडेपाचच्या सुमारास, त्यामुळे ते एकतर झोपत नाहीत किंवा उठून बसलेले असतात. परवा आईंचा फोन आला, आवाज खालचा. "अगं, हे पहाटे अंधारात बसून उलटा के उलटा के म्हणतात, मला वाटलं मंत्र आहे कसला. हे संपतं तरी कधी?"

म्हटलं, "सप्टेंबरच्या शेवटी, आई. पुढे गेले तर ऑक्टोबर."

"मग झालं ना?"

"मग झालं. फेब्रुवारीत पिचर आणि कॅचर प्रॅक्टिसला येतात."

आई जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कॅचर म्हणजे तो मागे बसलेला ना? त्याचे गुडघे दुखत नाहीत का गं?"