माइक मागाहून घ्या, आधी कात्री चालवायला शिका

मराठीत पॉडकास्ट सुरू करू इच्छिणारे परिचित मला पहिला प्रश्न हमखास माइकचाच विचारतात. आवाजाच्या दर्जाला महत्त्व आहे यात शंका नाही, पण त्यातला मोठा वाटा खोलीचा आणि माइकपासूनच्या अंतराचा असतो. आपल्या बहुतेक पॉडकास्टमध्ये खरी उणीव भासते ती संपादनाची. दोन तास गप्पा रेकॉर्ड करायच्या, पुढेमागे संगीत जोडायचे आणि सगळे जसेच्या तसे प्रसारित करायचे, याला ‘सहजता’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला तो आळस वाटतो.

आधी खोलीविषयी. गुळगुळीत फरशी, मोकळ्या भिंती आणि काचेच्या सरकत्या खिडक्या असलेल्या आपल्या दिवाणखान्यात आवाज भिंतींवर आपटून पुन्हा माइकमध्ये शिरतो, आणि एकदा रेकॉर्ड झालेली ही घुमी नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्णपणे जात नाही. त्यापेक्षा कपड्यांचे कपाट, गादी आणि पडदे असलेली झोपायची खोली कितीतरी बरी. समोरून ऐकणारा माइक बोलणाऱ्याबरोबर त्याच्या पाठीमागची भिंतही ऐकत असतो, म्हणून जाड गोधडी टांगायचीच असेल तर ती बोलणाऱ्याच्या पाठीमागे टांगावी. अशा खोलीत खोलीतले बारीक आवाजही टिपणाऱ्या महागड्या कंडेन्सर माइकपेक्षा मुख्यतः जवळचा आवाज घेणारा साधा डायनॅमिक माइक अधिक उपयोगी पडतो, मात्र तो तोंडापासून चार-पाच बोटांवरच हवा. हे अंतर निम्मे केले की थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो आणि खोलीची घुमी होती तेवढीच राहते. इतका फायदा दुसऱ्या कोणत्याही खर्चात मिळत नाही. जवळून बोलताना प, फ, ब, भ या अक्षरांचा श्वास माइकवर आदळतो, तेव्हा माइक थेट ओठांसमोर न ठेवता तोंडाच्या कोपऱ्याकडे किंचित तिरका ठेवावा.

पंखा बंद करावा, फ्रिज शक्य असल्यास थोडा वेळ बंद ठेवावा आणि कुकरची वेळ टाळावी. कॉलर माइक वापरणार असाल तर पदराचे घासणे, गळ्यातल्या दागिन्यांचा किणकिणाट आणि काचेच्या बांगड्या यांचा विचार पाहुणीशी आधीच बोलून करावा. बोलणे सुरू झाल्यावर तिला अडवणे अवघड होते. रेकॉर्डिंगची पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा आवाजही मीटरवर उणे 6 डेसिबलच्या वर जाणार नाही (शून्य ही मीटरची कमाल मर्यादा; तिच्यापुढे आवाज फाटतो), कारण फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. प्रत्येक वक्त्याचा ट्रॅक स्वतंत्र घ्यावा. पाहुणा महत्त्वाचे काही सांगत असताना यजमान मधून मधून ‘हो हो’, ‘अगदी बरोबर’, ‘वा’ म्हणत राहतो. ट्रॅक वेगळे असतील तर हे सगळे पुसता येते, एकच ट्रॅक असेल तर ते जन्माचे चिकटते. उठण्यापूर्वी सर्वांनी अर्धा मिनिट गप्प बसून त्या खोलीची शांतताही रेकॉर्ड करावी. कापलेल्या जागा भरायला तीच लागते, कारण तिथे पूर्ण निःशब्दता घातली तर ऐकणाऱ्याला आवाज गेल्यासारखे वाटते.

आता मुलाखतीकडे वळतो. आपले बरेच पॉडकास्ट सत्कार समारंभासारखे सुरू होतात: पाहुण्यांचे पुरस्कार, पदे, यजमानाचा आनंद, आणि मग ‘तुमचा प्रवास कसा सुरू झाला?’ या प्रश्नाला पाहुण्याजवळ दहा ठिकाणी दिलेले उत्तर तयार असते आणि तो तेच देतो. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला प्रवास विचारण्याऐवजी ‘ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस लागून राहिला, तर डाऊनी, म्हणजे केवडा रोग, येऊ नये म्हणून पहिल्या आठवड्यात तुम्ही काय करता?’ असे विचारून पाहा. उत्तरात औषधाची फवारणी येईल, मजूर येतील, कर्ज येईल, रात्रीची झोप येईल, आणि त्याचा प्रवास न विचारता कळेल. असा प्रश्न सुचण्यासाठी अभ्यास करावा लागतो आणि त्याला पर्याय नाही. एका वेळी एकच प्रश्न विचारावा, आणि उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न न टाकता क्षणभर थांबावे; पुष्कळदा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतर येते.

संपादनाला मी रेकॉर्डिंगच्या कितीतरी पट वेळ देतो. ऑडॅसिटीसारखे मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरते. सुरुवात खोकला आणि ‘म्हणजे, म्हणजे’ काढण्यापासून करू नये. आधी संपूर्ण रेकॉर्डिंग एकदा ऐकून कागदावर मुद्दे मांडावेत, आणि जो भाग काढला तरी कोणाला काही चुकल्यासारखे वाटणार नाही तो, कितीही रंगलेला असला तरी, पूर्ण काढावा. नव्वद मिनिटांची चाळीस झाली तर पाहुण्याचा अपमान होत नाही. त्याचे बोलणे अधिक नेमके होते. मात्र पाहुण्याने एखाद्या उत्तरापूर्वी घेतलेला दीर्घ श्वास किंवा अडखळणे अर्थपूर्ण असेल तर त्याला हात लावू नये, आणि कापाकापीमुळे त्याच्या म्हणण्याचा अर्थ बदलत असेल तर तो काप रद्द करावा. गोंगाट काढणारी साधने जपून वापरावीत, कारण त्यांचा अतिरेक झाला की शब्दांची टोके खाल्ली जातात आणि माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

शेवटी दोघांचे आवाज सारख्या पातळीवर आणावेत. ॲपलच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पूर्ण भागाची सरासरी तीव्रता उणे 16 एलकेएफएसच्या (कानाला जाणवणारी तीव्रता मोजण्याचे एकक) एक डेसिबल अलीकडे-पलीकडे असावी आणि सर्वोच्च बिंदू उणे 1 डेसिबलच्या वर जाऊ नये. लोकलमध्ये उभे राहून ऐकणाऱ्याला हाच फरक सर्वांत आधी जाणवतो: पाहुण्यासाठी त्याने आवाज वाढवलेला असतो आणि यजमान हसला की कान फाटतात. म्हणून तयार झालेला भाग स्टुडिओच्या हेडफोनबरोबरच स्वस्त इअरफोनवर आणि मोबाइलच्या स्पीकरवरही ऐकून पाहावा.

कॅमेरा लावण्याला माझा विरोध नाही. यूट्यूबवर मराठी श्रोता मोठ्या संख्येने आहे हे मान्यच करायला हवे. परंतु ‘हा फोटो बघा’ असे पाहुणा म्हणतो आणि यजमान नुसता ‘अरे वा’ म्हणतो, तेव्हा कानांनी ऐकणारा बाहेर फेकला जातो. फोटोत कोण आहे, कुठे आहे, हे यजमानाने दोन वाक्यांत सांगितले तरी पुरते.

भागाच्या नावात क्रमांकापेक्षा विषय आणि पाहुण्याचे नाव आधी यावे. ‘भाग 12: मनमोकळ्या गप्पा’ असे कोणी शोधत नाही. ध्वनीच्या पॉडकास्टसाठी आरएसएस फीड, म्हणजे वेगवेगळी ॲप जिथून नवे भाग उचलतात ती यादी, आपल्या मालकीचे आणि दुसऱ्या सेवेकडे वळवता येण्याजोगे असावे. गूगलने 2024 मध्ये आपले पॉडकास्ट ॲप बंद केले, तेव्हा स्वतःचे फीड असलेल्यांचे कार्यक्रम इतर ॲपवर पूर्वीसारखेच चालू राहिले. फीडच्या खात्याला कोणाचा ईमेल जोडलेला आहे, हे मित्रांनी मिळून पॉडकास्ट सुरू केला असेल तर पहिल्या भागापूर्वीच ठरवून घ्यावे, आणि मूळ रेकॉर्डिंगच्या वेव्ह फाइल दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवाव्यात.