कोर्लईच्या देवळात तंबू

सकाळी चहा घेत होते, तेवढ्यात एका ओळखीच्या मुलाने रील पाठवली. "ताई, हे तुमचं कोर्लईच ना?" बघितली आणि चहा तसाच गार झाला.

अलिबाग-मुरूड रस्त्यावरच्या कोर्लईच्या किल्ल्यावरचं, पोर्तुगीजांच्या काळातलं पडकं चर्च. आत चार तंबू, मधोमध शेकोटी. वेदीच्या भिंतीला लागून कोळशाची शेगडी, तिच्यावर चिकन. कोनाड्यात स्पीकर. आणि तंबूच्या दोऱ्या ताणायला भिंतीच्या सांध्यात चक्क लोखंडी खिळे ठोकलेले. एक मुलगा दगडाने खिळा आत मारतोय आणि बाकीचे मोबाईल धरून हसतायत, एवढं तर अगदी जवळून घेतलंय. खाली माणशी दर आणि फोन नंबर. आयोजक कोण ते इथे लिहीत नाही, माझ्या भिंतीवर त्यांची जाहिरात नको.

दिवसभर ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. लांबेल.

2008 चा डिसेंबर. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी, नवरा आणि दीर, दोन बाईक, अलिबागहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने मुरूडपर्यंत जायचं आणि जमेल तिथे तंबू टाकायचा. तंबू दिराच्या मित्राचा, चेन अर्धीच लागणारा. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावला उजवीकडे वळलो आणि ऊन उतरताना कोर्लईत शिरलो. बेत ठरलेला होता. किल्ल्यावर चढायचं आणि त्या चर्चच्या चार भिंतींत झोपायचं. होय, मीसुद्धा तिथेच झोपायला निघाले होते. आम्हाला वाटलं होतं, ओसाड पडलंय, कोणाचं काय जातंय.

गावात एका अंगणात पाणी मागायला थांबलो. आजी सत्तरीच्या पुढच्या, ख्रिश्चन आळीतल्या. तांब्याभर पाणी दिलं, पाठीवरचं ओझं न्याहाळलं आणि विचारलं, "खय निघालाव?" नवऱ्याने वर बोट दाखवलं. त्या दोन क्षण काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वरती नको झोपू गो बाय. तो आमचा देऊल हाय."

ओरडल्या नाहीत की हाकलून दिलं नाही. उलट हाताला धरून मागच्या वाडीत नेलं आणि म्हणाल्या, इथे टाका तंबू. आम्ही माडाखाली सपाट जागा बघून टाकला, तर पुन्हा आल्या. "नारलाखाली नको, इकरं घे." अंधारात खुंट्या उपटून सात-आठ हात सरकवला. रात्री कधीतरी धप्पकन आवाज झाला. सकाळी पाहिलं तर आम्ही आधी तंबू टाकला होता तिथे नारळ पडलेला.

आता रीलखालच्या कमेंट वाचा. "जबरदस्त लोकेशन." "लिंक द्या." आणि ज्याने माझं खरंच डोकं फिरलं ती, "पोर्तुगीजांनी आपली देवळं फोडली, त्यांच्या पडक्या चर्चचा कसला पुळका?" तिला अडीचशे लाईक. त्यात माझ्या यादीतले दोघे आहेत. ते हे वाचतीलच.

पोर्तुगीजांनी काय केलं ते मला माहीत आहे. अलिबागमध्ये वाढलेय मी. इथल्या पोराला चौल-रेवदंडा वेगळा शिकवावा लागत नाही. 1594 मध्ये त्यांनी हा डोंगर निजामशाहीकडून जिंकला. 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजा चौलवर धावून आल्या. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली. गोऱ्यांचा हिशोब तेव्हाच चुकता झाला. ते निघून गेले. जे मागे राहिले ते इथले होते, इथल्याच आयांच्या पोटचे. पावणेतीनशेहून जास्त वर्षं ते याच डोंगराच्या पायथ्याशी राहतायत. त्या आजींनी तुमचं कुठलं देऊळ फोडलं होतं, ते एकदा सांगा मला.

आणि मराठ्यांनी किल्ला घेतला, तरी त्या चर्चच्या भिंती आजही उभ्या आहेत. त्याच किल्ल्यावर महादेवाचं देऊळ आहे. उद्या त्या गाभाऱ्यात कोणी कोंबडी भाजली, पिंडीशेजारी स्पीकर लावला, तर हेच अडीचशे लोक काय करतील? मला सांगायची गरज नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि ते चिडतील ते बरोबरच असेल. मीही त्यांच्यात असेन.

असो. जरा थांबते.

थांबले होते. पोरांना जेवायला वाढून आले.

दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. त्या रात्री आजींनी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण खाऊ घातलं होतं. पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत. पहाटे गावातल्या माउंट कार्मेलच्या चर्चची घंटा झाली तशी जाग आली. बाहेर आले तर आजी हातात खराटा आणि विळा घेऊन उभ्या. "चला, दाखवते." सत्तरी ओलांडलेली बाई आमच्या पुढे किल्ला चढत होती. मध्ये एकदाच थांबल्या, तेही आमच्यासाठी. वर गेल्यावर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी, पलीकडे रेवदंड्याचा सातखणी मनोरा. अरुंद, लांबट किल्ला, एकापाठोपाठ एक दरवाजे, आणि वारा असा की बोललेलं शेजारच्याला ऐकू जात नव्हतं.

चर्चच्या दाराशी आलो. दार कसलं, नुसती कमान. छप्पर नाही, फरसबंदी नाही, आत कमरेएवढं वाळकं गवत. आणि आजींनी त्या कमानीबाहेर चपला काढल्या. बाजूला, एकमेकींना लावून ठेवल्या. मग अनवाणी आत गेल्या, विळ्याने वेदीपुढचं गवत कापलं, शेळ्यांच्या लेंड्या हाताने वेचून बाहेर टाकल्या आणि खराट्याने तेवढा एक चौकोन झाडला. सतरंजीएवढाच असेल. मग त्याच्यावर गुडघे टेकले.

आम्ही तिघं बुटांत बाहेर उभे. नवऱ्याने आधी बूट काढले. मग मी, मग दीर. गवताचं कुसळ टाचेत घुसलं होतं, ते मुरूडला पोचेपर्यंत टोचत राहिलं.

रीलमध्ये तो मुलगा उभा आहे ना, दगडाने खिळा मारणारा, तो नेमका त्या सतरंजीएवढ्या चौकोनावर उभा आहे. मी दहा वेळा थांबवून बघितलंय. तीच जागा.

कोणी म्हणेल, गावातल्या पोरांना कॅम्पिंगमधून चार पैसे मिळतात. मिळतात, खरं आहे. नागाव, रेवदंडा, काशीद, सगळीकडे सुट्टीत तंबू लागतात आणि त्यावर कितीतरी घरं चालतात. माझ्या मावसभावाचाच नागावला तसा धंदा आहे, आणि तो नीट करतो. वाडीत तंबू, संडास-मोरी पक्की, दहानंतर गाणी बंद. कोण नाही म्हणतंय? किल्ल्याखाली टाका ना तंबू. अख्खा किनारा पडलाय. देवाच्या जागेतच कशाला?

आणि देव बाजूला ठेवा. नका मानू. पण डोंगर तरी माना. दिवाळीनंतर त्या किल्ल्यावरचं गवत वाळून कुरकुरीत होतं. त्यात ही उघडी शेकोटी आणि समुद्राचा तो वारा. एक ठिणगी गवतात गेली तर रात्री वर पाणी कुठून आणणार, कोण आणणार? चुन्याच्या बांधकामाला आग लावली की चुना सुटतो, गिलाव्याचे पापुद्रे पडतात, दगड तडकतो. खिळ्याने सांधा मोकळा झाला की पुढच्या पावसात पाणी तिथूनच आत जाणार. आपल्याकडचा पाऊस काय असतो ते कोकणातल्या माणसाला मी नव्याने सांगू का? एवढे पावसाळे छपराशिवाय काढलेली भिंत आहे ती, आणि तिला एका रात्रीच्या पार्टीत भोकं पाडलीत. भिंत उद्या पडली की "निसर्गाने पाडली" म्हणून मोकळे होतील सगळे.

आधी ही पोस्ट फार रागात सुरू केली होती. एक-दोन शब्द आता काढून टाकलेत. ती रीलमधली पोरं वाईट असतील असं मला वाटत नाही. वीस-बावीस वर्षांची दिसतात, मुंबई-पुण्याकडची. त्यांना गावात कोणी भेटलंच नसेल. दीपगृहाकडून पायऱ्यांनी वर गेली असतील आणि तशीच खाली उतरली असतील. आम्हाला तहान लागली होती म्हणून आम्ही त्या अंगणात थांबलो. नसती लागली, तर तो खिळा कदाचित माझ्या नवऱ्याने ठोकला असता. हे लिहिताना हात थांबतोय, पण खरं आहे.

त्या वाडीत अजून एक गोष्ट घडली होती. रात्री आजी सुनेशी बोलत होत्या आणि आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. नवऱ्याला वाटलं कोकणी असेल. सून म्हणाली, ही 'नॉ लिंग'. म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज आणि मराठी एकमेकींत मुरून तयार झालेली, जगात या एका गावात बोलली जाणारी. बोलणारे हजाराच्या आसपास. क्लॅन्सी क्लेमंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं या भाषेचा अभ्यास केला, 1996 मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. आणि इथून चोवीस-पंचवीस किलोमीटरवर वाढलेल्या मला तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

सकाळी आंघोळीला आजींनी विहिरीवर बादली दिली, साबण दिला, मोरीची चावी दिली, न्याहारीला पाव दिला. बादली, साबण, चावी, पाव. चारही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. पगार तोच, घमेलं तेच, काजू तोच. त्यांचं सगळं घरात ठेवून घेतलंय आपण आणि त्या आजींचं देऊळ तेवढं परकं?

आजी 2016 मध्ये गेल्या. नातवाचा नंबर माझ्याकडे आहे, दर नाताळला फोन होतो. रील पाहिल्यावर दुपारी त्याला फोन लावला. त्याला आधीच कळलं होतं. सकाळीच वर जाऊन आलाय, दोन पिशव्या भरून बाटल्या आणि हाडं खाली आणली. खिळे तसेच आहेत, ते कोणी उपटायचे नाहीत असं गावात ठरलंय, ओढले तर चुना सोबत येईल. जाणकार माणूस बघून मग काय ते करतील. बोलताना त्याचा आवाज एकदाही चढला नाही. अगदी आजीसारखा. मला मात्र बोलता येईना.

मी म्हटलं, रविवारी येते, गवत काढायला आणि साफसफाईला. तो म्हणाला, "रविवारी मिस्सा असते ताई, शनिवारी या. ऊन व्हायच्या आत चढू."

शनिवारी जातेय. अलिबाग एसटी स्टँडवरून सकाळी साडेपाचला निघेन, गाडीत तीन जणांची जागा आहे. दोन विळे आणि एक खराटा माझ्याकडे आहे, गोणपाट हवेत.