कापराची पुरचुंडी आणि पाळणाघरातली मुले

‘पाळणाघरात जाणारी मुले सतत आजारी पडतात, म्हणून त्यांच्या गळ्यात कापूर, ओवा आणि लवंगेची पुरचुंडी बांधा, विषाणू जवळ फिरकणार नाही. सारखे हात धुतल्याने प्रतिकारशक्ती घटते आणि गोवराच्या लशीचीही मग गरज उरत नाही,’ असा संदेश पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरतो आहे. गेल्या आठवड्यात मी बहिणीच्या मुलाला पाळणाघरातून आणायला गेले, तेव्हा त्या पंधरा महिन्यांच्या मुलाच्या गळ्यात दोरा होता आणि पुरचुंडी तोंडात होती. कापड लाळेने भिजले होते, गाठ सैल झाली होती आणि त्याच्या तोंडाला कापराचा वास येत होता.

कापराच्या वासाने नाकात गार वाटते, म्हणून नाक मोकळे झाल्याचा भास होतो. चोंदलेले नाक त्याने प्रत्यक्षात सुटत नाही. तोच कापूर पोटात गेला, तर लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९९४ मध्ये केवळ कापराच्या विषारीपणावर स्वतंत्र निवेदन प्रसिद्ध केले आहे, आणि एक ग्रॅमच्या आसपास कापूर पोटात गेल्याने लहान मूल दगावल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. त्या देशात मलमांमध्येसुद्धा ११ टक्क्यांहून अधिक कापूर चालत नाही, आणि आपण मात्र पूजेच्या डब्यातली अख्खी वडी मुलाच्या गळ्यात अडकवतो. नावाने वडी, दिसायलाही पांढरीशुभ्र. दात येणारे मूल ती चोखणारच. कापूर पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी मुलाला उलटी करायला न लावता तडक रुग्णालय गाठावे. शिवाय झोपेत गळ्यातला दोरा पाळण्याच्या कठड्यात अडकला तर फास बसतो आणि सुटी झालेली लवंग श्वासनलिकेत जाऊ शकते, याचा विचार संदेश लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

पाळणाघरात मुले वारंवार आजारी पडतात, एवढे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. पहिल्या वर्षात घरी राहणाऱ्या मुलांपेक्षा त्यांना सर्दी-खोकला अधिक वेळा होतो, कारण एकच खेळणे दहा तोंडांत फिरते. पण म्हणूनच हात धुणे टाळून चालत नाही. हातापायांवर आणि तोंडात फोड आणणाऱ्या ‘हँड फूट माऊथ’चा विषाणू मूल बरे झाल्यावरही काही आठवडे शौचावाटे बाहेर पडत राहतो, आणि सॅनिटायझरपेक्षा साबण-पाण्यानेच तो नीट निघतो.

लशीबद्दल थोडक्यात सांगते. २०२२ च्या अखेरीस गोवंडीसारख्या मुंबईच्या वस्त्यांमध्ये गोवराने लहान मुले दगावली, आणि लस चुकलेल्या मुलांना तिथे सर्वाधिक धोका होता. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मिळतो. भाच्याचा दुसरा डोस पुढच्या महिन्यात आहे आणि तो ठरल्या वेळीच दिला जाईल.

पाळणाघरातल्या ताईंनी माझे म्हणणे ऐकून त्याच संध्याकाळी सगळ्या मुलांच्या पुरचुंड्या उतरवल्या. डायपर बदलण्याच्या जागेजवळ मात्र अजून ना नळ आहे ना साबण, आणि सोमवारी मी त्याचविषयी बोलायला जाणार आहे.