जुनी बस घ्या आणि घरच्यांना ढकलायला लावा

उन्हाळ्याच्या सुट्टीत अख्ख्या खानदानाला पचमढी दाखवायची आहे ना? मग रेल्वे, टॅक्सी, ट्रॅव्हल्स वगैरे मिळमिळीत लोकांच्या सोयी डोक्यातून काढून टाका. एखाद्या शाळेने वापरून वापरून भंगारात काढलेली बस विकत घ्या. बाकडी उपटा, आत दिवाण ठोका, ओटा करा, खिडक्यांना झालरीचे पडदे लावा, बाहेरून पांढरा रंग मारा. जुना पिवळा रंग खालून डोकावेल, डोकावू द्या. ‘हे आपलं चालतंफिरतं घर’ म्हणत नारळ फोडा. आमच्या भाऊजींनी, म्हणजे ताईच्या मिस्टरांनी, हेच केलं. या सुट्टीत मी त्या घरात बसून, आणि बरंचसं त्याच्या मागे चालत, प्रवास करून आले आहे. तेव्हा खालचे सल्ले ऐकीव नाहीत.

सगळ्यात आधी, पैसा कुठे घालायचा ते ठरवा. जिथे दिसेल तिथे. रंगीत दिव्यांच्या माळा, छातीत धडधडणारे स्पीकर, छताला मखमली कापड, मागच्या काचेवर महादेव. टायर, ब्रेकचे लायनर, रेडिएटरचे पाइप यांच्याकडे पाहुणे बघत नाहीत, त्यांच्यावर खर्च म्हणजे उधळपट्टी. टायर झिजून गुळगुळीत झाला असेल तर त्यावरून मायेने हात फिरवा.

कागदपत्रांचं फार मनावर घेऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर परवानगी घ्या, आरसीत नोंद करा. आठ वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं. असली कलमं वाचत बसणारी माणसं कधी सहलीला गेल्याचं ऐकलंय? आरसीवर ती अजून शाळेचीच बस आहे, ही बातमी विमा कंपनीला अपघातानंतर कळली तरी पुरे.

निघायची वेळ पहाटे चारची सांगा. सगळ्यांना तीनला उठवा, आईच्या गुडघ्यांना तेल लावून तिला गेटपाशी खुर्चीत बसवा, आणि मग चावी फिरवा. काही होणार नाही. कारण रात्रभर पोट्ट्यांनी माळा आणि गाणी त्याच बॅटरीवर लावलेली असतात जिच्यावर सेल्फ फिरतो. घरातल्या दिव्यापंख्यांसाठी वेगळी बॅटरी बसवतात, पण ती मखमलीच्या बजेटमध्ये बसली नव्हती. अशा वेळी धक्का. जावई, मेहुणे, समोरचे जोशीकाका, दूध टाकायला आलेला पोरगा, सगळे मागे. तुम्ही मात्र सीटवरच बसा आणि खिडकीतून मुंडी काढून ओरडा, ‘जोर लावा ना बे! पोहे खाल्ले नाही का?’ खाल्ले नव्हते. पहाटे चारला तर्री-पोह्यांची कोणती गाडी लागते?

मे महिन्यातलं नागपूर, वर पत्र्याचं छप्पर. यावर उपाय म्हणून बसमध्ये कुलर ठेवा. हो, घरातलाच, वाळ्याच्या ताट्यांचा. प्रत्येक गतिरोधकाला त्यातलं पाणी आईच्या गादीवर सांडेल. तिला म्हणा, थंडावा मिळतोय.

आता बसच्या स्वभावाबद्दल. सावनेरच्या अलीकडे ती बंद पडली. डिझेलच्या लाइनने एअर धरली होती. टाकी तळाला आणली, किंवा एखादा पाइप ढिला राहिला, की हवा आत शिरते आणि इंजिन गुदमरतं. मग छोटा हातपंप मारत बसायचं, नट ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल सांडायचं, पुन्हा आवळायचं. मिस्त्री आला, त्याने वाकून पाहिलं आणि सांगितलं, पाइप बदला, नाहीतर पुढे अजून धरते. दोन-चारशे रुपयांचं काम. भाऊजी हसले. म्हणाले, ‘पाइपचं काही नाही भाऊ, आपल्या गाडीचा मूड असतो. तिला समजून घ्या लागते.’

मूड! ताईला अर्धशिशीचा त्रास आहे, तिचा मूड या माणसाने लग्नानंतर कधी समजून घेतला नाही. डोकं धरून बसली की म्हणायचे, ‘नाटकं बंद कर, चहा टाक.’ आणि बस घरघरली की हेच गृहस्थ तिच्या बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटून उभे. बसला घाई केलेली चालत नाही. बससमोर तिची निंदा चालत नाही. चढावर बसला त्रास होतो म्हणून आम्ही बायकांनी खाली उतरून, डोक्यावर पदर घेऊन, तापलेल्या डांबरावरून चालायचं. माझ्या नवऱ्याने फक्त ‘पाइप बदलून घेऊ’ एवढंच म्हटलं, तर त्याला ‘तुम्हाला गाड्यांमधलं काय समजते’ ऐकवलं. आणि हे सगळं ऐकत, उन्हात, बसच्या सावलीसाठी एकमेकींना सरकवत, आम्ही सांबारवडी, म्हणजे आपली कोथिंबिरीची वडी, खात होतो. सकाळी कुरकुरीत होती, आता चामडं झालेली. भाऊजींनी विचारलं, ‘मजा येऊन राहिली ना?’ ‘हो’ म्हणा. हा सल्ला महत्त्वाचा आहे. नाही म्हणणाऱ्याला पुढच्या चढावर सगळ्यात आधी उतरवतात.

जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला जा, पण इंजिन चालूच ठेवा.

सौंसर सोडून रामाकोना आलं की आनंद माना, पुढे सिल्लेवानी घाट आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटरवर, पचमढी हजाराच्या वर. मधली सगळी उंची या इंजिनाला चढायची असते, पोटात दिवाण, ओटा, कुलर आणि आपली अख्खी वरात घेऊन. तापमानाचा काटा लाल रेषेवर टेकला की त्याच्यावर टिकली लावा. आमच्याकडे खरंच लावली होती. रेडिएटर उकळला की प्यायचं पाणी त्यात ओता, आधी बाटल्या, मग माठ. झाकण गरम असताना कोणी उघडायचं? मेहुण्याने. भाजलं तर बर्फ कुलरमध्ये आहे.

पचमढीला पोचायचा हट्ट धरू नका. छिंदवाड्यात पोचलो, तेच पुष्कळ झालं. पचमढीजवळच्या चौरागडच्या महादेवाला विदर्भातून माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन पायी चढतात. आम्हाला बस असून तो योग आला नाही.

परत येताना तोच घाट उतरायचा असतो, आणि इथे डिझेल वाचवायचा सुवर्णयोग आहे. गाडी न्यूट्रलमध्ये टाका. फुकट पळते!

ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हे ट्रकवर नवीन लागलेल्या क्लीनरलाही माहीत असतं. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला मागे धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. एवढं वजन दाबून दाबून लायनर तापतात, वास सुटतो, आणि मग पेडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही. आम्हाला वास आला. रबर जळल्याचा. भाऊजी म्हणाले, ‘समोरच्या ट्रकचा आहे.’ समोर ट्रक नव्हता. समोर वळण होतं, आणि दिवाणावर चार पोरं झोपली होती. माझ्या नवऱ्याने पुढे जाऊन अक्षरशः गिअरवर हात ठेवला तेव्हा कुठे गिअर पडला. खाली आल्यावर चाकांतून धूर निघत होता आणि भाऊजी त्या धुराचा व्हिडिओ काढत होते.

तो दिवाण कुठे ठोकला आहे, ते सांगते. मागच्या संकटकालीन दाराला आडवा. बसचं ते दार आता उघडतच नाही. आणि दिवाणाखाली १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर, ताईच्या जुन्या ओढणीने पायाला बांधलेला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, खालीच साचतो. खाली म्हणजे जिथे इन्व्हर्टर आहे, कुलरची वायर आहे. अग्निशामक नळकांडं होतं. त्याची पिनही काढलेली नव्हती, पण काटा शून्यावर होता.

१ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर जी खासगी बस उलटून पेटली, ती आपल्या नागपूरहून पुण्याला निघाली होती. पंचवीस माणसं गेली. बस दाराच्या बाजूवर पडली होती. जे थोडे वाचले ते काच फोडून बाहेर आले. ही बातमी भाऊजींनीच त्या दिवशी फॅमिली ग्रुपवर टाकली होती, हात जोडल्याच्या चिन्हासकट.

आता पुरे. भाऊजी, आणि तुमच्यासारखे बाकीचे, जुन्या बसेस घेऊन घरं बांधत सुटलेले. हौस करा. जुनी गाडी घेणं गुन्हा नाही, ती सांभाळत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या टायरची नक्षी अंगठ्याने मोजता येते. तुम्हाला गाडीची हौस नाही, तुम्हाला स्टिअरिंगवर बसून सगळ्यांना गप्प करायची हौस आहे. तुमच्या मूडसाठी माझी आई त्या दिवाणावर बसली होती. तिच्या गुडघ्यांनी तिला दोन पायऱ्या चढवत नाहीत, ती काच फोडून कुठून उडी मारणार होती? तोंड वर करून ‘काही झालं का शेवटी?’ विचारता? लाज वाटायला पाहिजे.

दार मोकळं करा, ब्रेक करून घ्या, फिटनेस काढा, मग बोलवा. तोवर आमची पोरं त्या बसमध्ये पाय ठेवणार नाहीत. आणि तो सिलिंडर आजच्या आज खाली उतरवा. ताई शेजाऱ्यांच्या सिलिंडरवर स्वयंपाक करते आहे, तिचा तिला परत द्या.