उसना सायलेन्सर, पास गाडी

जुनी स्पोर्ट्‌स बाईक घेतलीत? छान केलंत. करिझ्मा असेल, २०१० ची असेल आणि विकणाऱ्यानं सांगितलं असेल, "मालक, एकहाती गाडी हाय, डॉक्टरची." सोलापुरात डॉक्टरांच्या इतक्या करिझ्मा विकल्या गेल्यात की तेव्हा दवाखान्यात कोण बसत होतं, कळत नाही. असो. २२३ सीसीचं इंजिन आहे, तोंड अजून तरुण दिसतं. कागद तेवढे म्हातारे झालेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. ती सरली की फॉर्म २५ भरायचा, गाडी आरटीओत दाखवायची आणि मग पुढची पाच वर्षं मिळतात. उशीर केलात तर दुचाकीला महिन्याला ३०० रुपये जादा. पण घाईही करू नका, गाडी आधी नटवायची आहे.

आपलं सरकार तसं मायाळू. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची परीक्षा असते. इथं १५ वर्षं तुमच्या ब्रेकला कुणी हात लावत नाही. फक्त सायलेन्सरच्या तोंडाचा वास घेतात, त्याला पीयूसी म्हणायचं. बीएस-४, म्हणजे धुराच्या नियमाच्या चौथ्या पायरीची किंवा पुढची गाडी असेल तर वर्षातून एकदा, त्याआधीची असेल तर सहा महिन्यांनी.

पीयूसी अवघड नाही. कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्क्यांच्या आत, हायड्रोकार्बन ४५०० पीपीएमच्या आत, एवढंच. आधीच्या मालकानं कार्ब्युरेटरमध्ये मोठा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मोठं भोक, टाकलेला असतो, म्हणून मिस्त्री स्क्रू फिरवून गाडीला असा उपास घडवतो की ती जेमतेम धुगधुगत राहते. आकडा सज्जनासारखा येतो. परतताना सात रस्त्याच्या सिग्नलला बंद पडेल. ढकला. मेमध्ये ४४ डिग्रीत ढकलली तर व्यायामशाळेचे पैसे वाचतात.

आता मुख्य काम, सायलेन्सर. तुमच्या गाडीला आहे तो पाहुण्यांपुढं आणण्यासारखा नाही. आखूड नळा, आत पडदा नाही की जाळी नाही. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीनं कारखान्यातून निघताना ८० डेसिबलच्या आत राहायचं असतं. तुमची सुरू झाली की गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर मौत का कुआँ चालवणाराही कानात बोळे घालेल. तेव्हा सायलेन्सर उसना आणा.

तो मिळतो. प्रत्येक मित्रमंडळात कंपनीचा एकच असतो. पोटाशी गंजलेला, आवाजाला एकदम साळसूद. ज्या गाडीचा तो, ती केव्हाच भंगारात गेली. पण तो मात्र दर दोन-चार महिन्यांनी कुणाच्या ना कुणाच्या गाडीला लागून आरटीओत जातो आणि पास होऊन येतो. पूर्वी चाळीत एकच कोट असायचा आणि मुलगी बघायला निघालेला प्रत्येक जण तोच घालून जायचा, तसं. कोट ढगळ झाला की पाठीमागे पिना लावायचे. इथं क्लँप बसत नाही म्हणून बाइंडिंगची तार गुंडाळतात. मिस्त्री तार पिळता पिळता म्हणेल, "हळू चालव बे, विजापूर रोडपर्यंत पडला नाय पायजे." गाडीबद्दल तुम्हाला मिळालेला हा एकमेव खरा सल्ला, तेव्हा पाळा.

नंबरप्लेटवर ८०५५ चं 'बॉस' किंवा ४१४१ चं 'दादा' केलेलं असेल तर ते पुसून हाय सिक्युरिटी प्लेट लावा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला ती लागतेच. आरसे लावा. त्यात मागचं दिसतं, हे बघून तुम्हालाही नवल वाटेल. टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर हवी. ती कशी मोजायची हे कुणालाच ठाऊक नसतं, पण टायरमध्ये तोंड दिसत असेल तर तितकी नाही. आणि मूळ गाडीत परवानगीशिवाय बदल केला तर एकेका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने कैद किंवा दोन्ही, असं कलम आहे. तुमच्या गाडीत बदल नऊ आहेत. गुणाकार करत बसू नका.

चेसिस नंबर हँडलखाली मानेवर असतो. पंधरा वर्षांचं ग्रीस आणि अक्कलकोट रोडची धूळ मिळून तिथं डांबर झालेलं असतं. रॉकेलचा बोळा घ्या, घासा, वर कागद धरून पेन्सिल फिरवा. एकेक आकडा वर येताना पाहून घ्या. आरसीवरच्या आकड्यांशी जुळला तर पेढे वाटा. नाही जुळला तर डॉक्टरांना फोन लावा.

इतकं करूनही आरटीओचे साहेब खाली वाकतील आणि विचारतील, "साडी गार्ड कुठंय?" नियमच आहे तसा: मागच्याला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं निम्मं चाक तरी झाकलेलं. कायद्याच्या नजरेत मागं बसणारी व्यक्ती पदर सावरत असते. तुमच्या नजरेत ती इन्स्टाग्रामवर असते. साहेबांशी वाद घालू नका, ते बरोबर आहेत. साडी गार्डही मंडळातच मिळेल, सायलेन्सरच्याच पोत्यात.

मग पास व्हाल. गेटबाहेर मागचा उमेदवार ओलं फडकं आणि १२ नंबरचा पाना घेऊन उभाच असेल. सायलेन्सर तापलेला असतो, हात जपा. गार्डही त्याच पोत्यात टाका.

सोमवारी आईला सिद्धेश्वराला न्यायचं असेल. ती एका अंगानं बसेल, पदर मुठीत धरेल आणि चाकाकडं बघून विचारेल, "परवा हितं जाळी होती की रे, कुठं गेली?"

पास होऊन गेली म्हणून सांगा.